मलईवालं शहाळं आणि हिरवा माचा

मांडवा ते अलिबाग या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत कॅफे भराभर वाढले. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, तेव्हापासून तर मुंबईची माणसं गाडीसकट शनिवारी सकाळी इथे उतरतात. त्यांच्यामागून त्यांच्या आवडीनिवडीही आल्या. त्यातलीच एक म्हणजे खाली पांढरं दूध, मध्ये बर्फ आणि वर गडद हिरवा थर असलेला थंड माचाचा ग्लास. आता घरातली कॉलेजची मुलं विचारू लागली आहेत, की हे आपल्याला घरी जमेल का.

जमेल. आणि कॅफेपेक्षा बरं जमेल, असं माझं स्पष्ट मत आहे. या पेयात दोनच गोष्टी महत्त्वाच्या: माचाची पूड आणि तिला झेलणारं दाट, स्निग्ध दूध. पूड विकतच आणावी लागेल, तिला पर्याय नाही. पण दाटपणासाठी कॅफेवाले जी परदेशी ओटच्या दुधाची खोकी उघडतात, त्यांची आपल्याला काडीची गरज नाही. नागाव, आक्षी, चौल, रेवदंड्यापासून खाली मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनपर्यंत ज्याच्या परसात माड आहेत, त्याच्याकडे याहून चांगला माल झाडावर लटकतो आहे.

म्हणून आधी नारळाचं बोलू, माचाचं नंतर.

दाट थंड पेयासाठी सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा आधार म्हणजे शहाळ्याची मलई. शहाळेवाला विचारतोच, ‘पाणीवालं की मलईवालं?’ आपल्याला मलईवालं हवं, पण त्यातही मधलं. तो कोयत्याच्या पाठीने दोन-तीन शहाळ्यांवर ठोकतो, आवाज ऐकतो आणि एक उचलतो. त्याला आधीच सांगा, की मलई मिक्सरला लावायची आहे, नरम पाहिजे. पाणी भांड्यात काढून घेतल्यावर तो शहाळं मधोमध फोडतो आणि सालीचाच एक कपचा काढून चमचा म्हणून हातात देतो. त्या कपच्याने मलई कडेपासून सुटून एका पापुद्र्यात अलगद वर आली, तर ती बरोबर आहे. काचेसारखी आरपार दिसणारी, बुळबुळीत मलई असेल तर तिचं नुसतं पाणी होतं. आणि कोयत्याचं टोक घालून उचकटावी लागली, पाठीला तांबूस साल दिसली, तर ते खोबरं झालं म्हणायचं. ते मिक्सरमध्ये रवाळ राहतं आणि पिताना जिभेवर कचकचतं.

एका शहाळ्याच्या नरम मलईत त्याचंच अर्धी वाटी पाणी घालून छोट्या भांड्यात मिनिटभर फिरवा. जे तयार होतं ते पातळ खिरीइतकं दाट असतं, त्याला स्वतःचा गोडवा असतो आणि मुख्य म्हणजे बर्फ घातल्यावर ते फुटत नाही. नरम मलईत तेलाचा अंश कमी असतो, हे त्याचं कारण. हा तेलाचा मुद्दा नारळाच्या दुधात फार आडवा येतो, तो पुढे येईलच. पाणी मात्र एकदम ओतू नका. आधी थोडं, मग लागेल तसं. शहाळ्याचं पाणी उरलं तर बर्फाच्या साच्यात घालून गोठवा. त्याचा उपयोग आहे.

रस्त्यावरचं प्रत्येक शहाळं इथल्याच वाडीतलं असेल असं नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. उंच जातीचा माड लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षं सहज जातात. तेव्हा कुणी आपल्या वाडीतलं शहाळं विकत असेल तर पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये, एवढीच विनंती.

आता नारळाचं दूध. सोलकढी करणाऱ्या घराला हे शिकवणं म्हणजे आगाऊपणाच आहे, पण माचासाठी दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. पहिली म्हणजे नारळ खवताना खवणी तांबूस सालीपर्यंत नेऊ नका. सोलकढीत आगळाच्या रंगाखाली तो तांबूसपणा झाकला जातो. हिरव्या रंगात तो मळकट दिसतो आणि किंचित कडवटपणाही देतो. दुसरी गोष्ट पाण्याची. अर्ध्या नारळाच्या चवाला अर्धी वाटीच पाणी, तेही कोमट. गार पाण्यात चव फिरवला तर स्निग्धांश नीट सुटत नाही. मिक्सरमधून काढून मलमलच्या फडक्यातून घट्ट पिळलं की पहिलं घट्ट दूध मिळतं. आपल्याला एवढंच हवं. त्याच चवाचं दुसरं पातळ दूध संध्याकाळच्या आमटीला वापरा, नाहीतर तेही बर्फाच्या साच्यात जाऊ द्या.

आणि इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. थंड पेय करायचं म्हणून दूध सकाळीच काढून फ्रिजमध्ये ठेवतात. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजायला लागतं. थंडीत बाटलीतलं तेल घट्ट होतं ते यामुळेच. नारळाच्या दुधातही तेच तेल आहे. फ्रिजमध्ये दोन-तीन तास राहिलं की वर पांढरी कडक साय आणि खाली पातळ पाणी अशी फारकत होते. ती साय कितीही ढवळली तरी पेयात मेणासारखे कण फिरत राहतात. उपाय असा, की नारळाचं दूध ऐनवेळी काढायचं, गार करायचं नाही, आणि बर्फ शेवटी घालून लगेच प्यायला द्यायचं. आधी काढावंच लागलं तर निम्मं गाईचं किंवा म्हशीचं दूध मिसळून मिक्सरमधून एकदा फिरवा. त्याने ते बरंच सांभाळतं. डब्यातलं नारळाचं दूध फारसं फुटत नाही, कारण त्यात ते धरून ठेवणारे घटक घातलेले असतात. अडीअडचणीला चालेल, पण ताज्या दुधाचा वास त्याला नाही. ताजं दूध उन्हाळ्यात ओट्यावर दोन-तीन तासांत आंबट वास मारू लागतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

नारळ आवडत नसेल किंवा परवडत नसेल तर पिशवीतलं फुल क्रीम दूध घ्या. त्यात ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्ड दुधात ३ टक्के. हा फरक थंड पेयात गरम चहापेक्षा जास्त कळतो, कारण बर्फ वितळत जातो तसं दूध आणखी पातळ होतं. दूध तापवून, पूर्ण गार करून, साय बाजूला काढून वापरा. सायीचे तुकडे ग्लासात तरंगलेले कुणालाच आवडत नाहीत. त्याच सायीचा वर फेस हवा असेल तर ती फ्रिजमधून काढून चमचाभर गार दूध आणि थोडी पिठीसाखर घालून हलक्या हाताने फेटा. रवीचा मोह टाळा. जरा जास्त घुसळलं की लोणी सुटायला लागतं, आणि लोण्याचा गोळा माचावर घालून कुणी पीत नाही. बाजारातल्या २५ टक्क्यांच्या फ्रेश क्रीमला ताठ फेस येत नाही, पण ते नुसतं दाट करून वर ओतायला पुरेसं आहे.

माचा हा चहाच आहे, पण आपल्या चहासारखा उकळून गाळून टाकायचा नाही. काढणीच्या आधी साधारण तीन आठवडे चहाच्या झुडपांवर सावली करतात. ऊन कमी मिळालं की पानात हरितद्रव्य वाढतं, आणि ज्याने चहाला मऊ, गोडसर चव येते ते थिअनीन पानात टिकून राहतं; भर उन्हात त्याचं रूपांतर तुरटपणा आणणाऱ्या घटकांत होतं. मग पानं वाफवून वाळवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात आणि उरलेला पापुद्रा दगडी जात्यात दळतात. एका जात्यातून तासाला जेमतेम ३० ते ४० ग्रॅम पूड पडते. म्हणून तो महाग. जपानात क्योतोजवळचं उजी, आइची प्रांतातलं निशिओ, फुकुओकातलं यामे ही त्याची नावाजलेली गावं. पूड घुसळून चहा पिण्याची रीत मात्र मुळात चीनची. एइसाई नावाचा बौद्ध भिक्षू ११९१ मध्ये चीनहून परतला तेव्हा ती जपानात नेल्याचं श्रेय त्याला देतात. चीनमध्ये ती पुढे मागे पडली, जपानात टिकली. २०२४ च्या शरद ऋतूत जगभरची मागणी इतकी वाढली, की क्योतोतल्या जुन्या पेढ्यांना गिऱ्हाइकामागे डब्यांची मर्यादा घालावी लागली.

विकत घेताना डब्यावर ‘सेरेमोनियल’ लिहिलंय एवढ्यावर भुलू नका. त्या शब्दाला जपानात कुठलाही सरकारी दर्जा नाही, तो विक्रेत्यांनी वापरात आणलेला आहे. रंग बघा. चांगली पूड झगझगीत हिरवी असते. पिवळट किंवा शेवाळी-तपकिरी झाली असेल तर ती जुनी आहे किंवा उघड्यावर राहिली आहे. चिमूट बोटांत चोळली तर चेहऱ्याच्या पावडरीसारखी मऊ लागली पाहिजे. साध्या ग्रीन टीची पूड स्वस्त मिळते, पण तिला माचा समजून आणू नका. ती खरखरीत आणि कडू असते आणि दुधात तिचा रंग मळकट उतरतो. उलट, दुधात घालायचा म्हटल्यावर सगळ्यात महागडा डबाही नको. त्याची नाजूक चव दूध आणि नारळ गिळून टाकतात. मधल्या किमतीचा, पण रंगाने चांगला, ३० ग्रॅमचा लहान डबा घ्या. ग्लासाला २ ग्रॅम धरले तर त्यात १५ ग्लास होतात.

पूड पाण्यात विरघळत नाही, नुसती तरंगत राहते, ही गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचं सगळं सोपं जातं. म्हणून ती आधी चाळायची. सपाट एक छोटा चमचा, म्हणजे साधारण २ ग्रॅम, बारीक जाळीच्या चहाच्या गाळणीतून चमच्याच्या पाठीने दाबत वाटीत पाडा. हा अर्ध्या मिनिटाचा टप्पा गाळला तर शेवटच्या घोटात गुठळ्या लागणारच.

पाणी उकळतं नको, ७० ते ८० अंशांचं हवं. उकळत्या पाण्याने पूड कडू होते. थर्मामीटर आणायला धावू नका. दोन वाट्या उकळत्या पाण्यात एक वाटी माठातलं पाणी घातलं, की ते पंचाहत्तरच्या आसपास येतं. त्यातलं जेमतेम ४० मिली, म्हणजे छोटे आठ चमचे, पुडीवर घ्यायचं. तेही एकदम नाही. आधी दोन चमचे घालून गुळगुळीत लेप करा, मग उरलेलं घाला.

घुसळायला जपानी लोक बांबूची शेकडो बारीक काड्यांची कुंचली वापरतात. नारा प्रांतातल्या ताकायामा गावात ती हाताने तासतात, आणि ती वस्तू फार देखणी आहे यात शंका नाही. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबरमध्ये बांबूच्या काड्यांत बुरशी धरायला दोन दिवस पुरतात. घ्यायचीच असेल तर वापरल्यावर नुसत्या पाण्याने धुऊन वाऱ्यावर पूर्ण वाळवा, डब्यात कोंडू नका. नाहीतर बॅटरीवरची छोटी घुसळणी मिळते, ती उत्तम. ताकाची लहान रवी असेल तर खोल, अरुंद भांड्यात तीही चालते. काहीच नसेल तर घट्ट झाकणाची बरणी घ्या, अर्धीच भरा आणि झाकणावर फडकं दाबून हलवा. आत गरम पाणी असतं, हवा फुगते आणि झाकण उडतं. हिरवे डाग पांढऱ्या भिंतीवरून निघता निघत नाहीत. घुसळताना हात गोल फिरवू नका, मनगटाने मागे-पुढे झटके द्या. वर बारीक फेस आला आणि तळाला काही चिकटलेलं दिसलं नाही, की झालं.

ग्लास भरण्याचा क्रम गोडाच्या जागेवर ठरतो. साखर समप्रमाणात पाण्यात विरघळवून केलेला पाक दोन-तीन छोटे चमचे दुधात घाला, माचात नाही. गोड दूध जड होतं आणि खाली बसतं, बिनसाखरेचा माचा त्यावर तरंगतो, म्हणून तो दोन रंगांचा ग्लास दिसतो. पाक माचात घातला तर तो सरळ तळाला जातो आणि थर मोडतात. गूळ आणि काकवी या पेयाला लागू नाहीत: रंग तर जातोच, पण त्यांचा स्वतःचा वास इतका ठळक, की माचा कशाला घातला असं वाटतं. मलईवालं शहाळं वापरलं असेल तर आधी चव घ्या, पाकाची गरज बहुतेक पडत नाही. मिठाचा एक कण मात्र तिन्ही प्रकारांत घाला; तुरटपणा मागे सरतो.

तीनशे मिलीच्या उंच ग्लासात अर्ध्यापर्यंत बर्फ घ्या. त्यावर १५० मिली दूध: वाटलेली मलई असेल तर निम्मी मलई, निम्मं गार दूध, नारळाचं घट्ट दूध असेल तर त्याचे ६० मिली आणि बाकीचं साधं दूध, प्राणिज दूध नकोच असेल तर साध्या दुधाऐवजी दुसरं पातळ दूध. मग घुसळलेला माचा बर्फाच्या खड्यावर चमचा उपडा धरून त्याच्या पाठीवरून सावकाश सोडा. घाईने ओतलं तरी चवीत फरक नाही, फक्त फोटो चांगला येत नाही. बर्फ साध्या पाण्याचा न घेता शहाळ्याच्या पाण्याचा किंवा पातळ दुधाचा घेतला तर शेवटचा घोटही पहिल्याइतका दाट राहतो. पिताना दोन-चारदा ढवळत राहा, पूड तळाशी बसत असते.

पाहुण्यांसाठी चार ग्लास करायचे असतील तर दूध एकत्र तयार ठेवा, पण माचा दोन-दोन ग्लासांचाच घुसळा आणि लगेच ओता. घुसळून ठेवलेला माचा तासाभरात निस्तेज पडतो.

आता डब्याची काळजी, कारण किनाऱ्यावर तीच खरी अडचण. माचाला दमट हवा, ऊन आणि वास या तिन्हींचं वावडं आहे, आणि आपल्याकडे यातलं कशाचंच दुर्भिक्ष नाही. फ्रिजमध्ये ठेवायचा, पण ज्या कप्प्यात सुकट, वाकट्या किंवा ओले बोंबील ठेवता त्याच्या जवळपासही नाही. माचा वास ओढून घेतो आणि सोडेसुकटीच्या वासाचं थंड पेय कितीही दाट झालं तरी घशाखाली उतरत नाही. डबा घट्ट बंद करून वर आणखी एक हवाबंद डबा घाला. आणि फ्रिजमधून काढल्याबरोबर झाकण उघडू नका. दमट हवेत गार डब्यावर पाणी जमतं, ते आत गेलं की पुडीचे गोळे होतात. वीसेक मिनिटं बाहेर ठेवा, डबा बाहेरून कोरडा झाला की उघडा, लागेल तेवढी पूड घ्या आणि लगेच बंद करा. एकदा उघडलेला डबा महिन्या-दीड महिन्यात संपवलेला बरा.

हे पेय केव्हा प्यायचं, यालाही थोडा विचार हवा. माचात पान आख्खं पोटात जातं, त्यामुळे कॅफिनही पूर्ण जातं: २ ग्रॅम पुडीत ६० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे कडक कपभर चहाइतकं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२४ मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा सांगितली आहे आणि जेवणाच्या आधी व नंतर तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे, कारण चहातले टॅनिन अन्नातलं लोह शरीरात शोषू देत नाहीत. घरात रक्त कमी असलेलं कुणी असेल तर हे फार मनावर घ्या. मासळीच्या जेवणावर सोलकढीच हवी, माचा नको. दुपारी साडेतीन-चारची वेळ त्याला योग्य. संध्याकाळी सहानंतर घेतला तर रात्री झोप उशिरा लागते. गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

लहान मुलांच्या ग्लासात माचा घालूच नका. त्यांना तीच वाटलेली मलई, गार दूध, बर्फ आणि वरून चिमूटभर वेलची द्या. मलई मात्र दोन ग्लास जास्तीची वाटून ठेवा. मोठी माणसंही तोच ग्लास मागतात.